गुरुजींच्या यानातली बाई

वय झालं की राग निवतो, असं म्हणतात. माझा निवलेला नाही. लिंबाच्या लोणच्यासारखा तो मी बरणीत घालून ठेवला आहे आणि वर्षागणिक तो मुरतोच आहे. ज्यांच्यावर तो आहे ते आमच्या गावचे गुरुजी. माणूस तसा सज्जन. कुणाचं वावर लाटलं नाही, कुणाच्या बांधावरून भांडण नाही, पोरांना छडी लागली तर संध्याकाळी घरी येऊन विचारपूस करणार. पण सज्जन माणसानं केलेला घात फार लागतो, कारण तो घात आहे हे दुसऱ्याला पटवून देताना आपल्याच तोंडाला फेस येतो.

गाव आमचं कळंब तालुक्यातलं. एसटी कपाशीच्या वावरांमधून बरीच धूळ खाऊन आली की मारुतीच्या देवळाजवळ थांबायची. गुरुजी तिथल्याच शाळेतून निवृत्त झाले होते. ते एका मठाचे मोठे भक्त होते. मठ जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पण त्याची सगळी भक्ती गुरुजींच्या छपरीत उतरलेली. आणि गुरुजी पुस्तकं लिहायचे. बारीक चोपडी, वर गुलाबी कागद, त्या कागदावर एक अग्निबाण आणि अग्निबाणाच्या टोकाला कळस आणि भगवी पताका. यवतमाळच्या छापखान्यातून गठ्ठा आला की गुरुजी तो स्वतःच्या डोक्यावर घेऊन घरी न्यायचे. पोथी काखेत धरू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

गोष्टीचा नायक एक बालयोगी. तो शास्त्रज्ञही होता. त्याचं यान नामजपावर चालायचं. जप चालू असेपर्यंत यान वर, जपात खंड पडला की यान गोते खायला लागलं. मंगळावर गेला तर तिथलं पाणी आटलेलं, कारण तिथले लोक देवाला विसरलेले. शनीच्या कड्यावर उतरला तर तिथे लोखंडी राक्षस, त्यांना घड्याळासारखी किल्ली द्यावी लागायची आणि किल्ली अहंकाराची. बालयोगी दूरदर्शक यंत्रातून बघायचा, गणित मांडायचा, मग डोळे मिटून गुरूंचं स्मरण करायचा आणि गणित सुटायचं. प्रत्येक पुस्तक एकाच वाक्यावर संपायचं, की श्रद्धा हेच खरे इंधन होय.

आता हसू येतं. तेव्हा मला ती पुस्तकं जीव की प्राण होती आणि हीच माझ्या रागातली सगळ्यात मोठी चीड आहे. शाळेत पुस्तकांचं कपाट होतं, पण त्याची किल्ली कुणाकडे आहे हे शिपायालाही माहीत नव्हतं. वाचायला म्हणून गावात जे होतं ते गुरुजींचं. शेळ्यांमागे फिरताना मी त्यांची वाक्यं मोठ्यानं म्हणायची. ‘हे महायात्री, या तेजोमेघाच्या पलीकडे काय आहे?’ असं मी शेळीला विचारायची आणि शेळी पळसाचा पाला खात उभी राहायची. त्या भाषेत मी इतकी बुडालेली होते की घरी भाकर मागतानाही तोंडात तेच यायचं. आई म्हणायची, ‘सरळ बोल नं वो, पोट्टे. मी काय तुही मंगळावरची माय हाओ?’

माझा आवाज खणखणीत होता आणि मला वाचताना अडखळायला व्हायचं नाही. म्हणून गुरुजींनी मला वाचनाला बसवलं. दर गुरुवारी दिवेलागणीला त्यांच्या छपरीत वाचन व्हायचं. चौरंगावर पुस्तक, पुढे समई, पुस्तकावर नारळ. नारळ उचलून बाजूला ठेवला की वाचन सुरू, आणि आरती झाली की संपलं. मधल्या वेळात कुणी उठायचं नाही, कुणी बोलायचं नाही. वाचणाऱ्याला तर कुणी थांबवायचंच नाही. हा नियम गुरुजींनी प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापून घेतला होता. वाचन मध्येच थांबवलं तर त्याचा दोष ज्याच्या घरी वाचन चाललं आहे त्याला लागतो, असंही खाली लिहिलं होतं. एकदा वाचन चालू असताना छपरीच्या वळचणीतून विंचू निघाला. गुरुजींनी तो हातातल्या उपरण्यानं मुकाट्यानं झटकून बाहेर टाकला आणि मला खुणेनं सांगितलं, चालू दे. लोक किती दिवस त्याबद्दल बोलत होते. नियम म्हणजे नियम, असा तो माणूस होता.

ती वर्षं कपाशीची वाईट होती. नवं बियाणं यायचं, त्याच्यावर नवी अळी यायची, अळीवर नवं औषध यायचं आणि औषधाला अळी सरावायची. वरून पानं लाल पडायची. लोक लाल्या आला म्हणायचे आणि कपाळाला हात लावायचे. एवढं पाठीला लागल्यावर माणूस जाईल कुठे? तो एकदा दुकानात जायचा आणि एकदा मठात. पेरणीआधी बियाण्याच्या थैल्या गुरुजींच्या छपरीत आणून ठेवायच्या, गुरुजींनी त्यावर मंत्र म्हणायचा, अक्षता टाकायच्या आणि थैली वावरात न्यायची, अशी रीत पडून गेली. गुरुजींना तपकिरीची सवय होती, डबी कायम कमरेला. मंत्र म्हणता म्हणता त्यांना शिंक यायची, कधी एक, कधी लागोपाठ. ते उपरण्याला नाक पुसायचे आणि मंत्र पुढे चालू. त्याबद्दल कुणी काही म्हणायचं नाही. आमच्याकडे घराबाहेर पाय टाकताना शिंक आली तर माणूस परत फिरून पाणी पिऊन निघतो, पण गुरुजींची शिंक म्हणजे घरचीच.

आता आईचं सांगते. बाबा हंगामभर जिनिंगमध्ये असायचे, घर तिच्यावर. वेचणीच्या बाया जमवायचं काम ती करायची आणि त्याहून मोठं म्हणजे गावात सीतादही तिच्या हातानं व्हायचं. पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरात एका झाडाखाली पाच खडे मांडतात, कुंकू लावतात, दहीभाताचा नैवेद्य ठेवतात, आणि मग एक बाई पहिलं बोंड वेचते. त्या बाईचा हात चांगला असावा लागतो. आईचा हात चांगला, असं गावानं कधीतरी ठरवून टाकलं होतं. दसऱ्यानंतर घरोघरचं बोलावणं यायचं. त्या दिवसांत आई हिरव्या बांगड्या भरायची आणि तिचं चालणं बदलायचं. तिच्या उजव्या मनगटावर विंचू गोंदलेला होता, लहानपणी कळंबच्या यात्रेत हट्ट करून गोंदवून घेतलेला. बोंडात बोटं घातली की तो विंचू हलायचा. मला वाटायचं, गावचा कापूस हा विंचूच वेचतो.

एका गुरुवारी आरती झाल्यावर आई बोलली. आरतीनंतर बोलायला मुभा होती, तेव्हा नियम काही मोडला नाही. त्या साली मंतरलेल्या बियाण्यालाही अळी लागली होती. आई म्हणाली, ‘गुरुजी, एक इचारू काय? अळीले मंतर समजते काय? समजत असंल तं मंग फवारा कायले मारून राह्यलो आपन? आन समजत नसंल तं थैल्या इथी काहून आनतो?’

बायका हसल्या. गुरुजीही हसले. म्हणाले, ‘वहिनी, प्रश्न चांगला आहे. याचं उत्तर पुढच्या पुस्तकात देतो.’ आईला बरं वाटलं. घरी येताना म्हणाली, ‘पाह्य, माह्या सवालावर गुरुजी पुस्तक लिवते.’ मीही फुगून गेले. बालयोगी माझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला कोणत्या ग्रहावर जाईल, याचा मी शेळ्यांमागे बसून किती विचार केला असेल.

पुस्तक श्रावणात आलं. नवं पुस्तक आधी कुणी वाचायचं नाही, छपरीतच पहिल्यांदा उघडायचं, अशी रीत होती. मी नारळ उचलला आणि वाचायला लागले. बालयोगी एका श्वेतग्रहावर उतरतो. तिथे पांढऱ्या फुलांची अफाट शेतं. लोक सुखी. पण त्या ग्रहावर एक बाई आहे, ती प्रश्न विचारते. मी खुशीत होते. मान वर करून आईकडे बघितलंसुद्धा. मग पान उलटलं. त्या बाईच्या उजव्या मनगटावर वृश्चिक राशीची खूण आहे, असं लिहिलं होतं. ती ज्या झाडाला हात लावते ते झाड वाळतं. तिच्या शंकेतून अळी जन्माला येते. तिच्या हाताने पहिले फूल खुडले गेले, म्हणून ग्रहावरची सगळी शेतं लाल पडली.

वृश्चिक रास म्हणे. यात्रेत गोंदलेला विंचू होता तो.

मला कळलं तेव्हा मी वाक्याच्या मध्यावर होते. छपरीतल्या सगळ्या माना वळल्याचं मला न बघता समजलं. थांबता येत नव्हतं. थांबलं तर दोष लागतो, हे मी इतकी वर्षं घोकलेलं. गुरुजी डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ताल धरून ऐकत होते. मी वाचत गेले. बालयोग्यानं हात वर केला, त्याच्या तळहातातून तेज निघालं आणि ती बाई मनगटापासून दगड होत गेली. लोकांनी तो दगड वेशीबाहेर नेऊन टाकला. शेतं पुन्हा पांढरी झाली. श्रद्धा हेच खरे इंधन होय. माझ्याच खणखणीत आवाजात मी माझ्या आईचा दगड केला, गावाच्या वेशीबाहेर टाकला आणि वर आरतीही म्हटली.

आईनं पदर मनगटावर ओढून घेतला होता. प्रसाद घेताना तिनं डावा हात पुढे केला.

गुरुजींच्या मनात वाईट नव्हतं, असं पुढे खूप जणांनी मला सांगितलं. त्यांना एक दृष्टांत हवा होता. असेल. पण बोट दाखवायला कुणीतरी हवंच होतं गावाला, इतकं सगळं बिनसलेलं असताना. दुकानदाराकडे बोट दाखवावं तर पुढच्या साली त्याच्याच दारात उभं राहायचं. पावसाकडे दाखवून उपयोग नाही. विंचू गोंदलेली बाई मात्र हाताशी होती. दसरा झाला, कपाशी फुटली, आणि सीतादह्याला आईला कुणीही बोलावलं नाही. शेजारची काकू, जिच्या वावरात आईनं तिच्या लग्नापासून पहिलं बोंड वेचलं, तिनं नणदेला तिकडून केळापूरहून बोलावून घेतलं. वेचणीच्या बाया दुसरीच्या मागे गेल्या. विरजणाला आमच्याकडे येणारी पोरगी यायची बंद झाली. पोरं आईला लांबून ‘ग्रहावरची’ म्हणायला लागली. एकदा एक बाई बांधावरून म्हणाली, ‘तुयं काही नाई वो माय, पन पुस्तकात आलं नं.’ पुस्तकात आलं. छापून आलं म्हणजे खरं. आईला वाचता यायचं नाही आणि जे वाचता यायचं नाही त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

हिरव्या बांगड्या त्या वर्षी तिनं भरल्या नाहीत. दिवसभर घरात असायची आणि मनगट चुलीतल्या राखेनं घासायची. विंचू राखेनं जात नाही. कातडी तेवढी लाल व्हायची. ते बघून मला जे व्हायचं त्याला राग हा शब्द लहान आहे. गुरुजींच्या घराला आग लावावी, त्यांच्या गुलाबी गठ्ठ्यांवर रॉकेल ओतावं, असं सगळं मी मनात करून बघितलं. त्यात मजा नव्हती. पुस्तक जाळलं तर पुस्तक आणखी खरं होतं.

मग मठाच्या गादीचा उत्सव आला. उत्सवात त्या वर्षीचं पुस्तक पुन्हा वाचायचं असतं, या वेळी मारुतीच्या सभामंडपात, आजूबाजूच्या गावांतले लोक जमवून. मठातून एक वडीलधारे शिष्य यायचे. त्यांच्यापुढे आपलं पुस्तक वाचलं जाणं म्हणजे गुरुजींची दिवाळी. वाचायला कोण, तर मीच. गुरुजी घरी येऊन आईला म्हणाले, ‘वहिनी, मुलीला पाठवा. तिच्यासारखं कुणी वाचत नाही.’ आईच्याच दारात उभं राहून, आईलाच. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. आई म्हणाली, ‘तिले इचारा.’ मी म्हटलं, येते.

तोवर मी त्यांची इतकी पुस्तकं वाचली होती की बालयोगी कोणत्या प्रसंगी डोळे मिटतो आणि कोणत्या प्रसंगी दूरदर्शक उचलतो, हे मला गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक होतं. शेळ्या चारताना मी श्वेतग्रहाची गोष्ट नव्यानं रचली. वाक्य मनासारखं झालं की ते शेळीला ऐकवायचं. गुरुजींचे शब्द, गुरुजींची चाल, त्यांचेच तेजोमेघ. श्रद्धेला कुठेही धक्का लावायचा नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. देव खोटा म्हटलं असतं तर लोकांनी मलाही दगड केलं असतं. काट्यानं काटा काढायचा होता.

उत्सवाच्या संध्याकाळी मंडप भरला. मठातले शिष्य पुढे लोडाला टेकून, त्यांच्या शेजारी गुरुजी नव्या उपरण्यात. आई अगदी मागे, खांबाशी. मी नारळ उचलून बाजूला ठेवला.

विंचवाची खूण येईपर्यंत मी छापलेलं वाचलं. लोकांनी माना डोलावल्या, त्यांना पुढचं माहीत होतं. मग मी पानावरच डोळे ठेवले आणि माझी गोष्ट सुरू केली. बालयोग्यानं हात वर केला, पण तेज बाहेर आलं नाही. त्यानं यंत्र तपासलं. यंत्र म्हणालं, हे योगी, या स्त्रीच्या हातात दोष नाही, हिने शंका विचारली ती गुरूंनीच हिच्या मुखातून विचारली. मग दोष कुठे आहे? बालयोग्यानं दूरदर्शक ग्रहाच्या भूतकाळाकडे वळवला. तिथे त्याला दिसला श्वेतग्रहाचा मंत्रोच्चारक. वृद्ध, शुभ्र वस्त्र, कमरेला एक लहान डबी. त्या डबीत तांबूस चूर्ण. बीजांवर मंत्र म्हणता म्हणता तो ते चूर्ण नाकाला लावी, आणि मंत्राच्या ऐन मध्यावर, जिथे खंड पडू नये तिथे, त्याला शिंक येई.



मी घाई केली नाही. प्रत्येक शिंकेगणिक मंत्र तुटला, मी वाचलं, आणि तुटलेल्या मंत्रातून अळी आत शिरली. जपात खंड पडला की यान कोसळते, हे तो मंत्रोच्चारक इतरांना शिकवीत असे, स्वतः मात्र विसरला. लोकांच्या माना गुरुजींकडे वळल्या. इतक्या वर्षांच्या शिंका त्यांना एकदम आठवल्या असणार. गुरुजींचा हात सवयीनं कमरेकडे गेला होता, तो तिथेच थांबला. ते बोलू शकत होते. पण समई जळत होती, नारळ बाजूला होता आणि वाचन त्यांच्या यजमानपणात चाललं होतं. थांबवलं तर दोष त्यांनाच. शिवाय त्या सगळ्या गर्दीपुढे सांगायचं तरी काय, की मुळात मी या बाईचा दगड केला होता? मी त्यांच्याकडे एकदाच बघितलं, चांगलं डोळ्यात डोळे घालून, आणि पुढे वाचलं.

बालयोगी त्या स्त्रीपुढे हात जोडून म्हणाला, माते, ज्या हाताने तू प्रश्न विचारलास त्याच हाताने पहिले फूल वेच. तिने वेचले. शेते पांढरी झाली. श्रद्धा हेच खरे इंधन होय.

आरती झाली. मठातले शिष्य डोळे पुसत गुरुजींना म्हणाले, ‘फार उंच लिहिलंत. स्वतःच्या पंथातल्या चुकीवर बोट ठेवायला छाती लागते.’ गुरुजींनी हात जोडले आणि मान खाली घातली. ती मान बघून मला जो आनंद झाला तसा पुढे लग्नात झाला नाही, नोकरी लागली तेव्हा झाला नाही.

गुरुजींनीच उत्सवासाठी शेवट बदलला असं लोक धरून चालले, असं मी समजले. त्यानंतर आपोआप झालं सगळं. पुढच्या पेरणीला थैल्या छपरीत आल्या नाहीत. गुरुजींना शिंक आली की बाया पदराआड हसायच्या. त्यांनी तपकीर सोडली, पण आता काय उपयोग. दसऱ्यानंतर शेजारची काकू दारात आली. आईनं तिला आत बोलावलं नाही, अंगणातच उभं ठेवलं. काकू म्हणाली, ‘चाल नं वो बाई, सीतादही करून दे.’ आई म्हणाली, ‘तुयी नणद नाई आली काय केळापूरची?’ आईनं भांडी घासून होईपर्यंत तिला तशीच ठेवली, मग हिरव्या बांगड्या भरून, पोलक्याची बाही कोपरापर्यंत सारून गेली. गावात जिनं जिनं बोलावलं तिच्या तिच्या वावरात ती तशीच गेली, विंचू सगळ्यांना दिसेल अशी. कपाशी काही सुधारली नाही. अळी येतच राहिली. पण पुस्तकात आलं होतं, त्यामुळे आईकडे कुणी बोट दाखवलं नाही. ते गुलाबी पुस्तक मी उत्सवाच्या दिवशीच घरी आणलं होतं आणि आईनं ते पेटीत तळाशी, तिच्या लग्नाच्या लुगड्याखाली ठेवलं.

गुरुजींनी मात्र पुढे एकही पुस्तक लिहिलं नाही. मला वाईट वाटलं का, असं नवऱ्यानं मला एकदा विचारलं होतं. नाही वाटलं.

वर्षं गेली. मी यवतमाळला नोकरीला, आई गावातच. एका आखाजीच्या सणाला मी माहेरी गेलेली असताना गुरुजी काठी टेकत दारात आले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मठ त्यांची सगळी पुस्तकं एकत्र, जाड बांधणीत काढणार होता. बाकीची सापडली. श्वेतग्रहाचा गठ्ठा तेवढा वाळवीनं खाल्ला होता आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे एक प्रत आहे. ते म्हणाले, ‘वहिनी, तेवढं पुस्तक द्याल का? मूळ पुस्तक.’ मूळ हा शब्द त्यांनी हळूच म्हटला. मला उद्देशूनच होता तो.

म्हणजे आता जाड बांधणीत आई पुन्हा दगड होणार. मी नाही म्हणणार होते, पण आई आधी बोलली.

‘पुस्तक घराबाह्यर जात नाई, गुरुजी. तुमी बसा. पोरगी वाचते, तुमी लिवून घ्या.’

गुरुजींना छापलेलं बारीक अक्षर दिसत नव्हतं, मोठं अक्षर काढून लिहिता मात्र यायचं. ते कागद घेऊनच आले होते. आईनं पेटी उघडून पुस्तक काढलं, पाटावर ठेवलं. मग ती आत गेली आणि समई घेऊन आली. भरदुपारी तिनं समई लावली. पुन्हा आत जाऊन नारळ आणला आणि पुस्तकावर ठेवला. गुरुजी त्या नारळाकडे बघत राहिले. मोतीबिंदूतूनही तो त्यांना चांगला दिसला असावा.

मी पुस्तकाशी बसले. आई समईची वात सारखी करायला वाकली तेव्हा तिचं तोंड माझ्या कानाशी आलं. म्हणाली, ‘ह्या खेपेले पानं पलटवत जाय. मांगच्या वक्ती एकच पान धरून बसली होतीस. आमी सगळ्याईनं पाह्यलं.’

आमी सगळ्याईनं. मंडपातल्या सगळ्या बाया, ती काकूसुद्धा. म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि तरीही त्या दारात आल्या होत्या, बोलवायला. बांधावरची ती बाईसुद्धा. आणि आईनं काकूला भांडी घासून होईपर्यंत अंगणात उभं ठेवलं ते हे सगळं माहीत असून. मला वाटायचं, रागीट मी एकटीच आहे.

मी नारळ उचलला. विंचवाची खूण येईपर्यंत छापलेलं वाचलं, मग माझं. पानं नीट वेळेवर उलटत. इतक्या वर्षांनी एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. गुरुजींची लेखणी एका जागी थांबली, तीच डबीची जागा. त्यांनी मान वर केली. आई त्यांच्यासमोर बसली होती, बाही सारून. समई जळत होती. गुरुजी पुन्हा खाली वाकले आणि लिहायला लागले, मोठ्या, शाळेतल्या अक्षरात. का लिहिलं, ते मला माहीत नाही. विचारायला मी गेले नाही. शेवटी आईनं नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा त्यांच्यापुढे धरला, उजव्या हातानं. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

जाड पुस्तक निघालं तेव्हा गुरुजी राहिले नव्हते. आईनं मला बोलावून घेतलं, शेजारच्या बाया जमवल्या आणि श्वेतग्रह काढून वाच म्हणाली. मी वाचलं. माझीच वाक्यं, खाली गुरुजींचं नाव, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझी गोष्ट छापलेल्या पानावरून वाचत होते. बाई दगड होत नव्हती. हात जोडलेला बालयोगी, पहिलं फूल, सगळं जागच्या जागी होतं. शिंक तेवढी त्यांनी गाळली होती. ती मी वाचताना घातली.